दारात विजेची गाडी आली. चार्जर कोणता घ्यावा?



मृगाचा पाऊस पडून गेल्यावर चंदनसारला एका शेतकऱ्याच्या घरी राबातले भात पाहायला गेलो होतो. विरार पूर्वेचे हे गाव. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, भोवती इमारती वाढल्या, पण भातखाचर, गोठा आणि पेंढ्याची उडवी ज्यांनी अजून राखली आहे त्यांतले हे एक घर. रोपे चांगली होती. पण माझे लक्ष अंगणातल्या नव्या कोऱ्या विजेच्या गाडीकडे गेले. थोरला मुलगा वसईला नोकरीला, त्याने हप्त्याने घेतलेली. स्वयंपाकघरात फ्रीजसाठी जो प्लग होता, तिथून एक वायर खिडकीतून बाहेर आली होती. ओटीवरून ती एका लाकडी बोर्डावर आणि तिथून गाडीच्या चार्जरला. पावसाचे पाणी लागू नये म्हणून बोर्डावर खताची रिकामी गोणी टाकली होती. पाच हातांवर पेंढ्याची उडवी.

मी विचारले, "काका, हे कोणी जोडून दिले?"

"साहेब, आधी गाडी चार्जच होईना. डबीवर लाल दिवा लागायचा. मग वायरमन आला, त्याने प्लगमध्ये काहीतरी केले आणि लगेच हिरवा दिवा लागला. पाच मिनिटांचे काम."

ते 'काहीतरी' काय होते, ते पुढे सांगतो. त्या पाच मिनिटांच्या कामामुळेच हा लेख लिहायला बसलो. मी काही वीज खात्याचा माणूस नव्हे. पण इतकी वर्षे शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी, वितळलेले स्टार्टर आणि कमी दाबाने बसलेले पंप पाहत आलो आहे. गाडीच्या चार्जरचे दुखणे त्याहून फार वेगळे नाही. बाकीचे परवानाधारक वीज ठेकेदाराला विचारून खात्री करून घेतले.

आधी हे यंत्र काय आहे ते समजून घेऊ. भिंतीवर बसवतात त्या पेटीला सगळे चार्जर म्हणतात, पण खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. घरातली वीज उलटसुलट वाहणारी, म्हणजे एसी. बॅटरीत साठते ती एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी. हा बदल गाडीतले यंत्र करते. भिंतीवरची पेटी ही राखणदार असलेला प्लग समजा. गाडी नीट जोडली आहे का, अर्थिंग आहे का, वीज गळते आहे का, हे ती पाहते आणि मगच वीज सोडते. गाडीतले यंत्र ३.३ किलोवॅटचे असेल तर भिंतीवर ७.२ किलोवॅटची पेटी लावूनही गाडी ३.३ नेच भरणार. पंप दीड इंची असताना पाइप चार इंची टाकला म्हणून पाणी वाढत नाही, तसेच हे. तेव्हा दुकानात पहिला प्रश्न पेटीबद्दल विचारू नका. आपल्या गाडीतले यंत्र किती किलोवॅटचे आहे, ते गाडीच्या पुस्तकात पाहा. टियागोसारख्या छोट्या गाडीत ३.३ आणि ७.२ असे दोन्ही प्रकार मिळत आले आहेत. कॉमेटसारख्या लहान गाडीचे सुरुवातीचे प्रकार ३.३ चेच.

हे किलोवॅट म्हणजे किती, ते आपल्या ओळखीच्या मापात सांगतो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे ३.३ किलोवॅटचा चार्जर हा जवळजवळ साडेचार अश्वशक्तीचा पंप झाला आणि ७.२ चा साडेनऊच्याही वर. आता सांगा, फ्रीजच्या प्लगवर आणि लाकडी बोर्डावर साडेचार अश्वशक्तीचा पंप रात्रभर चालवायला आपण धजाल का? मिक्सर दोन मिनिटे चालतो, इस्त्री तापली की बंद होते. गाडी मात्र सात-आठ तास सलग, एकाच जोराने वीज ओढते. प्लगच्या आतली पत्री थोडी सैल असली की तिथेच उष्णता धरते. या घरातल्या वहिनींनी मला नंतर सांगितले की पहाटे चूल पेटवायला उठल्यावर प्लगला जळकट वास येत असे आणि हात लावला तर चटका बसत असे. त्यांनी दोनदा सांगूनही पुरुषमंडळींनी ते मनावर घेतले नव्हते.

मग मोठी पेटी घ्यावी की लहान? इथे बहुतेकांची फसगत होते. गाडी विकणारा म्हणतो, ७.२ घ्या, लवकर भरेल. लवकर भरते हे खरे. २४ युनिटांची बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर वाटेतली घट धरून सुमारे २७ युनिटे लागतात. ३.३ च्या पेटीवर सव्वाआठ तास, ७.२ वर पावणेचार. पण रोज बॅटरी पूर्ण रिकामी करतो कोण? या मुलाचे जाणे-येणे दिवसाला चाळीस किलोमीटरच्या आत. छोटी गाडी एका युनिटात सात-आठ किलोमीटर सहज जाते. म्हणजे रोजची गरज सहा युनिटांची, आणि ती ३.३ च्या पेटीवर दोन तासांत भागते. रात्रीचे जेवण आटोपून अंथरूण पडेपर्यंत गाडी तयार. तेव्हा ज्याचे रोजचे फिरणे साठ-सत्तर किलोमीटरच्या आत आहे, त्याने मोठ्या पेटीच्या मोहात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भाजीची खेप पहाटे दादरला टाकून दुपारी पुन्हा बाहेर पडणारा, किंवा गाडी भाड्याने चालवणारा, यांची गोष्ट वेगळी. त्यांना ७.२ परवडते.

मोठ्या पेटीला घरची जोडणीही तशीच लागते. ७.२ किलोवॅट म्हणजे ३२ अँपिअर. आपल्या जुन्या घरांच्या मेन स्विचवर कित्येक ठिकाणी अजून तारेची फ्यूज आहे आणि खांबावरून आलेली सर्व्हिस वायर वडिलांच्या काळची. वीजबिल हातात घ्या. त्यावर 'मंजूर भार' असा एक आकडा छापलेला असतो. तो एक-दोन किलोवॅट असेल तर ७.२ तर सोडाच, ३.३ साठीसुद्धा महावितरणकडे भार वाढवून मागावा. यात कंटाळा करू नये. भार न वाढवता पेटी लावली तर सर्व्हिस वायर तापते आणि खांबावरच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरात दिवे मंद होतात. मग भांडणे होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ग्राहक हक्कांचे नियम बदलले. त्यानुसार गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी वीजजोडणीही मागता येते. महापालिका क्षेत्रात नवी जोडणी द्यायची मुदत त्याच नियमांनी सात दिवसांची आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांची केली. पण वेगळी जोडणी हवीच असे नाही. घरच्या मीटरवर स्वतःची गाडी भरली तर घरगुती दरच लागतो.

आणि आता ती गोष्ट, जी अनेकांच्या मनात असते पण कोणी बोलून दाखवत नाही. "विहिरीवर पंपाची जोडणी आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल सरकारने २०२४ पासून माफ केले आहे. मग गाडी तिथेच लावली तर?" या घरातल्या धाकट्यानेही मला हे हळूच विचारले. बाबांनो, हे करू नका. शेतीच्या जोडणीवर गाडी भरणे म्हणजे ज्या कारणासाठी वीज दिली त्याखेरीज दुसऱ्या कारणासाठी वापरणे. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये हा अनधिकृत वापर धरला आहे आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुपटीने होते. केव्हापासून वापर चालू आहे ते सिद्ध झाले नाही तर मागच्या बारा महिन्यांची आकारणी लागते. महिन्याला दीडदोनशे युनिटांची बचत करायला जाऊन पंपाची जोडणी वादात पडली आणि ऐन वालाला पाणी द्यायच्या वेळी ती तुटली, तर नुकसान कोणाचे? शिवाय पंपघरात अर्थिंग कसे असते ते मी आपल्याला काय सांगावे.

घरगुती बिल किती वाढेल, याची भीतीही वाजवीपेक्षा जास्त आहे. रोज सहा युनिटे म्हणजे महिन्याला १८०. महावितरणचे घरगुती टप्पे शंभरपर्यंत, तीनशेपर्यंत, पाचशेपर्यंत आणि त्यापुढे असे आहेत. टप्पा ओलांडला की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो अशी समजूत गावोगाव आहे. ती चूक आहे. वरचा दर वरच्या युनिटांनाच लागतो. ज्या घरात एरवी ११० युनिटे जळतात तिथे गाडी धरून २९० होतील, म्हणजे दुसऱ्याच टप्प्यात. जिथे आधीच अडीचशे जळतात, तिथे मात्र तिसऱ्या टप्प्याची झळ बसेल. त्यांनी हिशेब करून पाहावा.

आता 'स्मार्ट' चार्जरकडे वळू. स्मार्ट म्हणजे मोबाईलशी बोलणारा. त्याने होते काय? एक, ठरलेल्या वेळी गाडी भरायला लागते आणि थांबते. दोन, किती युनिटे गेली ते कळते. तीन, कार्डाशिवाय किंवा मोबाईलशिवाय दुसऱ्या कोणाला वापरता येत नाही. चार, चांगल्या पेटीला मेन वायरीवर बसवायची एक कडी मिळते. घरात गिझर, घरघंटी, पाण्याचा पंप एकदम सुरू झाला की ती कडी ओळखते आणि पेटी आपला जोर आपोआप कमी करते. आमच्यासारख्या भागात, जिथे मंजूर भार थोडा आणि घरात माणसे जास्त, तिथे हा चौथा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. स्मार्ट चार्जर घ्यायचाच तर या कडीसाठी घ्या.

युनिटांच्या मोजणीचाही एकत्र कुटुंबात चांगला उपयोग होतो. तीन भावांचे एक मीटर, गाडी एकाची. महिन्याच्या शेवटी बिलावरून ओटीवर धुसफुस. पेटीने सांगितलेला आकडा सगळ्यांसमोर ठेवला की त्या भावाने तेवढे पैसे वेगळे द्यावेत. पण एवढ्यासाठीच स्मार्ट पेटी घ्यायची गरज नाही. साधा सब-मीटर तेच काम कमी पैशात करतो.

वेळेचे म्हणाल तर बऱ्याच गाड्यांत ती सोय मुळातच असते. गाडीच्या पडद्यावर वेळ लावता येते. ते आधी पाहा. एकाच सोयीचे दोनदा पैसे कशाला द्या? कोणत्या वेळी भरावी हाही प्रश्न आहे. रात्री वीज स्वस्त असते असे सगळीकडे ऐकू येते, पण घरगुती ग्राहकाला आपल्याकडे ते लागू नाही. ज्यांच्याकडे नवे स्मार्ट मीटर बसले आहे अशा घरगुती ग्राहकांसाठी १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेला युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली. म्हणजे दिवसा भरणे फायद्याचे. आपले मीटर कोणते आणि सवलत लागते का, ते बिलावर दिसते. नोकरदाराची गाडी दिवसा घरी नसते हे खरे, पण सुट्टीच्या दिवशी आणि शेतीकामाच्या गाडीला हे जमते. छपरावर सूर्यघर योजनेतून पॅनेल बसवले असतील तर दिवसा भरणे आणखी सोयीचे. तीन किलोवॅटची पॅनेल उघडिपीच्या दिवसांत बारा युनिटांच्या आसपास वीज देतात आणि त्यांना केंद्राचे ७८,००० रुपये अनुदान आहे. संध्याकाळी सात ते दहा ही वेळ मात्र टाळा. त्या वेळी सगळे गाव वीज ओढत असते आणि लाइनच्या टोकाला दाब खाली येतो. दाब फार पडला की चार्जर मध्येच बंद होतो आणि सकाळी गाडी अर्धी भरलेली सापडते.

स्मार्ट पेटी घेताना दुकानदाराला एक प्रश्न मुद्दाम विचारा: नेट बंद पडले तर गाडी भरेल का? जी पेटी कार्डाने किंवा नुसती जोडल्यावर चालते, ती घ्या. मोबाईलशिवाय हलत नाही ती घेऊ नका. तिची कंपनी उद्या बंद पडली तर भिंतीवर नुसती शोभा. पेटी गोठ्याच्या भिंतीवर आणि वाय-फाय माजघरात, असे असेल तर मध्ये दोन भिंती येतात. आधी मोबाईल हातात घेऊन त्या जागी उभे राहून पाहा. दुरुस्तीला माणूस वसई-विरारमधून येतो की मुंबईहून, हेही विचारावे. पेटीवर आय.एस. १७०१७ हा मानकाचा क्रमांक पाहावा. उघड्या भिंतीवर लावायची तर आय.पी. ६५ लिहिलेली बरी. कोकणचा पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो.

आता त्या पाच मिनिटांच्या कामाकडे येतो.

गाडीच्या डबीवर लाल दिवा लागत होता, कारण घराला अर्थिंगच नव्हते. प्लगला तिसरे भोक होते, पण त्यामागची वायर कुठेच गेलेली नव्हती. डबी इमानदार, अर्थिंग नाही म्हणून ती वीज सोडत नव्हती. वायरमनने काय केले? प्लगच्या आत न्यूट्रल आणि अर्थ यांना एका छोट्या तारेने जोडून टाकले. डबीला वाटले अर्थिंग आले. हिरवा दिवा लागला आणि घरातले खूश झाले. पण याचा परिणाम पाहा. खांबावरची किंवा मीटरमधली न्यूट्रल वायर कधी सुटली, आणि वादळात ती सुटतेच, तर तीच वीज त्या तारेतून गाडीच्या पत्र्यावर येते. गाडी रबरी टायरवर उभी, म्हणून पत्र्यावरची वीज तशीच राहते. पावसात भिजलेल्या अंगणात अनवाणी माणसाने दाराला हात लावला की ती त्याच्यातून जमिनीत जाणार. गोठ्यातून सुटलेल्या गाईने अंग घासले तरी तेच. जनावराला तर माणसापेक्षा कमी विजेचा धक्का पुरतो, हे आपण शेतावर पाहिलेले आहे.

त्याच वेळी मी मेन बंद करायला लावला. दुसऱ्या दिवशी परवानाधारक ठेकेदार आला. काकांचे पहिले म्हणणे होते, "साहेब, चार्जर आणखी भारी घेऊ का?" मी म्हटले, काका, चार्जर कंपनीने दिलेलाच ठेवा, पैसे जमिनीत घाला. परसात कढीपत्त्याच्या झाडाजवळ, जिथे मोरीचे पाणी जाते, तिथे अर्थिंगचा खड्डा घेतला. जीवदानीच्या डोंगराकडची जमीन मुरमाड, उन्हाळ्यात पार कोरडी पडते. कोरड्या जमिनीत अर्थिंग काम करत नाही. म्हणून ओलाव्याची जागा धरली, कोळसा आणि मीठ घालून पाइप उभा केला आणि यंत्राने मोजून रोध पाच ओहमच्या आत आणला. मोजल्याशिवाय ठेकेदाराला पैसे देऊ नयेत. मेनपासून अंगणापर्यंत वेगळी तांब्याची वायर, ४ चौरस मिलिमीटरची, पाइपातून ओढली, कारण घरात उंदीर. ७.२ ची पेटी असती तर किमान ६ ची लागली असती आणि लांब अंतराला त्याहूनही जाड. तिच्यासाठी वेगळा एम.सी.बी. आणि ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवला. हा आर.सी.सी.बी. 'ए' प्रकारचा मागावा. बाजारात स्वस्त मिळतो तो 'एसी' प्रकारचा असतो आणि गाडीच्या यंत्रातून होणारी गळती तो नेहमी ओळखेल याची खात्री नसते. स्वयंपाकघरातल्या साध्या प्लगऐवजी बाहेर जाड पिनांचा निळा औद्योगिक सॉकेट बसला.

उडवी परसाच्या दुसऱ्या टोकाला हलवली. पेंढा, शेणी, डिझेलचा डबा, फवारणीची औषधे, यांतले काहीही चार्जिंगच्या जागेजवळ नको. पेटी जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर असावी. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरारमध्ये घराघरांत पाणी शिरले आणि वीज बंद ठेवावी लागली, ते आपण विसरलेलो नाही. पाणी चढून गेलेली पेटी किंवा सॉकेट तपासून घेतल्याशिवाय पुन्हा चालू करू नये. गाडीची केबल अंगणात लोळू देऊ नका, खुंटीला गुंडाळून ठेवा. ट्रॅक्टरचे चाक एकदा तिच्यावरून गेले की वरून ती धड दिसते, पण आतून तुटलेली असते.

ज्यांच्याकडे विजेची स्कूटर आहे त्यांना दोन शब्द अधिक. सप्टेंबर २०२२ मध्ये वसई पूर्वेला रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि भाजलेला सात वर्षांचा मुलगा काही दिवसांनी दगावला. त्यानंतर केंद्राने दुचाकींच्या बॅटरीचे नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांनी कडक केले. पण जुन्या बॅटऱ्या अजून घरोघरी आहेत. काढून आणलेली बॅटरी माणसे झोपतात त्या खोलीत किंवा दारात भरायला लावू नका. दारात आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होते. पडवीत, जागेपणी भरा. फुगलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी भरू नका, आणि दुसऱ्या कोणाचा चार्जर तिला लावू नका. आग लागलीच तर आधी मेन बंद करा, माणसे आणि जनावरे लांब न्या, मग १०१ ला फोन.

चंदनसारच्या त्या घरी मी श्रावणात पुन्हा गेलो. आवणी उरकली होती. ३.३ चीच पेटी चालू होती आणि मुलाने गाडीच्या पडद्यावर रात्री अकराची वेळ लावली होती. वहिनींनी मला मुद्दाम अंगणात नेऊन सॉकेटला हात लावून दाखवला; गार होता. काका म्हणाले, "साहेब, आता गणपतीनंतर त्या पंपाचेही अर्थिंग करून घेतो." मी म्हटले, गणपतीनंतर कशाला, ठेकेदाराला याच आठवड्यात बोलवा. त्यांनी माझ्यासमोर फोन लावला.